कंपन आहे, ध्वनी नाही

१२ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. विज्ञान शिक्षक निवृत्त झाला तरी निरीक्षण थांबत नाही. पहिलं निरीक्षण: या घरातली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. सौ. सविता, चिरंजीव भारत, सूनबाई भाग्यश्री, तिघंही. स्वरतंतूंचं कंपनच कमी. त्यात भारतने नव्या बंगल्याला जाड पडदे आणि फोमचा सोफा केलाय. मऊ पदार्थ ध्वनी शोषतात, हे त्याला मीच शिकवलं होतं. तेव्हाही लक्ष नव्हतं.
संकल्प: पडदे काढणे.

१३ जानेवारी
काढले. आवाज वाढला नाही. सविताचा राग वाढला. भारतने दौंडच्या कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. मी विषय बदलला.

२० जानेवारी
सविता मळ्यातून ओरडली, "मटार आणा!" राहू गावच्या बाजारातून दोन किलो आणले. ती म्हणे "मोटर बंद करा" म्हणाली होती. कांद्याच्या वाफ्यांत घोटाभर पाणी. तिने जवळ येऊन, माझा खांदा हलवून विचारलं, "कांदा सडला तर वरीसभर शेंगाच खायच्या का आपण?"
दोष उच्चारांचा आहे. संकल्प: सकाळी सहा वाजता घरात सामूहिक ओंकार.

२१ जानेवारी
ओंकाराला कोणी आलं नाही. किंवा आले आणि हळू म्हणाले. मी डोळे मिटले होते.

२ फेब्रुवारी
ध्वनी पसरू न देता नळीतून नेला तर? स्वयंपाकघरापासून माझ्या खुर्चीपर्यंत पीव्हीसी पाइप टाकला. भाग्यश्रीला म्हटलं, बोल. पाच मिनिटं कान लावून बसलो. फक्त फोडणीचा वास आला. ती म्हणाली, "आप्पा, जेवायला या म्हणून गळा बसला माझा." हे ती समोर येऊन म्हणाली. पाइप निकृष्ट.

२६ फेब्रुवारी
माझा जुना विद्यार्थी इंद्रजीत आता माझ्याच जुन्या शाळेत मुख्याध्यापक आहे. विज्ञान दिनाला 'ध्वनी' या विषयावर व्याख्यानाला बोलावलंय. सविता "जाऊ नका" म्हणाली. स्पष्ट ऐकू आलं. डोळ्यांत पाणी कशाला आणायचं एवढ्यासाठी?

२८ फेब्रुवारी, दुपार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
नादकाटा रबरी पॅडवर आपटला. आवाज नाही. दुसरा आपटला. नाही. तिसरा कानाला लावून पाहिला. नाही. इंद्रजीतला सर्वांसमोर झापलं: पोलाद भेसळीचं, खरेदी करताना झोपला होतास का? मुलांना विचारलं, कुणाला ऐकू आलं? सगळ्या वर्गाने हात वर केले. एकाचं बघून दुसऱ्याने, ही सवय जुनीच.
मग काटा पाण्यात बुडवला. पाणी उडालं, थेट इंद्रजीतच्या शर्टावर. म्हणजे कंपन आहे, ध्वनी नाही! मी म्हटलं, मुलांनो, हा नवा शोध आहे, टाळ्या वाजवा. मुलांनी वाजवल्या. म्हणजे हात हलताना दिसले.
इंद्रजीतने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: "सर, आम्हाला ऐकू येतंय."
त्याचं अक्षर अजून सुधारलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
इंद्रजीत गाडीने घरी सोडायला आला. वाटेत एकदाही बोलला नाही. बोलला असेल तर माहीत नाही.

८ मार्च
दौंडला गेलो. सविताच्या समाधानासाठी. बंद खोलीत कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण दाबायची वाट पाहत बसलो. बराच वेळ कोणी सुरूच करेना. बाहेर आलो तर तपासणी झाली होती. दोन्ही कान. दोन-तीन वर्षांपासून असावं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.
सविताने गाडीत माझा हात धरला होता. ती म्हणते मीच धरला होता.

१५ मार्च, सकाळ
काल यंत्र बसवलं. पंखा एवढा ओरडतो हे माहीत नव्हतं. रात्री काढून ठेवलं होतं, सकाळी उठल्या उठल्या लावलं. सविता नेहमीसारखी गोड हसत चहा घेऊन आली, कप पुढे केला आणि नेहमीचंच वाक्य म्हणाली. मला वाटायचं, "घ्या, गरम हाय" असं म्हणते.
"घ्या, ढोसा एकदाचा."
मग तिचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं.
मी म्हटलं, "थँक्यू."