गाभाऱ्याची बुजवलेली खिडकी

माधव नगर, मंगळवार संध्याकाळ

आमच्या दत्तमंदिराच्या गाभाऱ्याची एकुलती खिडकी आज विटांनी बुजवली. पादुकांवरचं सकाळचं ऊन गेलं.

मंदिर ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, एसी लावलाय ना, हवा बाहेर जायला नको. उजेडाला एलईडी आहेत."

"एसी देवाला की तुमच्या पाहुण्यांना?"

हसत एसीचा रिमोट दाबायला वळले.

आरतीला समईची ज्योत पाहिली. एरवी खिडकीच्या वाऱ्याने हलायची. आज ताठ उभी, मग बारीक होत गेली. पुजारी गोपाळकाका खोकत होते. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मेणबत्त्या लावण्याआधी चॅपलच्या खिडक्या उघडायच्या. यांना एवढीही अक्कल नाही?

उगाच घाबरतेय का मी? पण ती ज्योत...

उद्या काका धूप घालून आत तासभर एकटे बसणार, आणि नवं काचेचं दार आपोआप लागतं. मग आत हवा कुठून येणार? मी त्या दारातच खुर्ची टाकून बसणार, दार लागूच देणार नाही. बघू कोण उठवतं.