बंधुराजांचा 'उच्छाद' आणि त्याचा आशिया दौरा

पुंगोल, सिंगापूर
ऑगस्ट २०१४

ती. सुचित्राताई यांना,

पुंगोलहून संजीवनीचा वाकून नमस्कार (वाकूनच लिहिते आहे, कारण आमच्या खुर्च्यांवर सध्या अँप्लिफायर बसतात). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? निशिकांतराव गोळ्या घेतात की अजून उशीखाली लपवतात? आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे मी आणि ऋग्वेदा. तुमचे बंधुराज खुशालीच्या पलीकडे गेले आहेत. ते कलाकार झालेत. तुमचा फोन आला की तेच झडप घालून उचलतात आणि सगळं भव्य करून सांगतात, म्हणून खरं काय ते लिहून कळवते.

बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा पद्मनाभचा चांगी बिझनेस पार्कमधला उद्योग. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून माणूस कंटाळतो आणि स्वतःच्या करायला घेतो, तसं काहीसं झालं असावं. ऑफिसातला मुकुल ड्रम वाजवतो (त्याच्या कॉन्डोतल्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी एकजुटीने बंद पाडेपर्यंत घरीच वाजवायचा). दुसरा चंद्रशेखर, इथेच जन्मलेला तमिळ गृहस्थ. तो बेस गिटार वाजवतो आणि महिन्यातून एखादं वाक्य बोलतो. त्याला मराठी कळत नाही, ही त्याची मोठीच सोय. या दोघांना घेऊन बंधुराजांनी मराठी रॉक बँड काढला. नाव 'उच्छाद'. टोमणा मारायलासुद्धा मला काही शिल्लक ठेवलं नाही.

तालमी आमच्या घरी. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये सरकार एक बॉम्ब शेल्टर बांधून देतं, जाड भिंतींची, लोखंडी दाराची कोठी. आपली माणसं तिथे तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात. आमच्या सुटकेसा पलंगावर आल्या आणि हे तिघं आत गेले. (स्फोट बाहेरून होईल असं सरकारने गृहीत धरलं होतं.) वर्षभर दर शनिवारी पोळ्या लाटताना मी तीच आठ गाणी त्या दारातून ऐकली. ऋग्वेदा इथल्या इंग्रजीत ओरडत दारावर थापा मारायची, "पप्पा, सो नॉइझी, लाह!" आतून उत्तर यायचं, "अगं राणी, तो साऊंड आहे!"

मग अल्बम निघाला. पहिल्या गाण्यात एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची दारं बंद होतात आणि सहा मिनिटं बंदच होत राहतात. शेवटचं एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, पुन्हा मिळेल का, या काळजीवर आहे. त्यात मात्र खरा जीव आहे, कारण ती काळजी आम्ही करून बघितलेली आहे. प्रकाशन मुकुलच्या कॉन्डोत, बार्बेक्यूच्या शेजारी झालं. लोकांनी सीडी हातात घेऊन वा वा केलं आणि ही लावायची कशात, असं मला बाजूला घेऊन विचारलं. एकीने तिच्यावर गरम कणीस ठेवलं.

पाहुणे गेल्यावर मी ताटल्या धूत होते. बंधुराज मागे येऊन म्हणाले, "संजू, दौरा नीट झाला की मी राजीनामा देतो." ताई, इथे नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की आम्ही तिघं सामानासकट तुमच्या दारात. मी धुतलेल्या ताटल्या पुन्हा धुतल्या.

दौऱ्याचं पहिलं गाव जोहोर बाहरू, म्हणजे पूल ओलांडून मलेशियात शिरलं की आलंच. सामान मोजायला मीही सोबत होते. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कशासाठी आलात विचारलं. बंधुराज म्हणाले, "आशिया दौरा." त्याने सगळे ड्रम उतरवून आत वाकून वाकून पाहिलं. इतकं लक्ष पुढच्या दौऱ्यात आमच्याकडे कोणीही दिलं नाही. तिथल्या हॉटेलात लोक बिर्याणी खात होते. त्यांनी फर्माईश केली ती वाढदिवसाच्या गाण्याची. क्वालालंपूरला आयोजकांनी आम्हाला चक्क हळदीकुंकवाला बोलावलं होतं. बायकांनी पहिलं गाणं कानाला पदर लावून ऐकलं आणि अत्तर लावून आम्हाला लवकर मोकळं केलं.

शेवटी इंडोनेशियातलं बाताम बेट. एका कंपनीचा वार्षिक समारंभ, हॉल गच्च भरलेला, त्यात निम्मे पुण्या-मुंबईचे. पण बोटीत बंधुराजांच्या पोटात जे होतं ते सगळं समुद्राला अर्पण झालं होतं आणि त्यासोबत आवाजही गेला होता. स्टेजमागे ते लिंबू हुंगत बसले होते. तोंड उघडलं की नुसती हवा. त्यांचा चेहरा बघवेना, ताई. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते लोक समोर बसलेले, आणि हा असा. मग त्यांनीच माईक माझ्या हातात दिला आणि खाणाखुणा करून सांगितलं, गाणी तुला पाठ आहेत, जा.

मी गेले. मला ओरडता येत नाही, म्हणून ते पासचं गाणं पोळ्या लाटताना गुणगुणते तसंच, संथ म्हटलं. मुकुलने काठ्या ठेवून नुसत्या बोटांनी ठेका धरला. हॉलमधला काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. गाणं संपल्यावर सगळे उभे राहिले. चंद्रशेखर इंग्रजीत म्हणाला, "आता मला गाणं कळलं." पद्मनाभ कडेला उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. परतीच्या बोटीत त्याने माझा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी माझा घसा बरा असेल."

तर असं आहे. तुम्ही मोठ्या बहीण आहात, या माणसाला आवरा, एवढंच मागणं. निशिकांतरावांना नमस्कार.

तुमची,
संजीवनी

ता. क. ऑक्टोबरात पेनांग आणि परत क्वालालंपूरचं बोलावणं आलं आहे (या वेळी हळदीकुंकू नाही). ऋग्वेदासाठी पंधरा दिवस इथे याल का? गुडघ्याला लिफ्ट आहे.

ता. क. दुसरा. बोलावणं बँडला आहे, पण गायला मला. पद्मनाभने गिटार वाजवावी असं ठरलं आहे. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. तुमचं तो ऐकतो. राजीनामा द्यायच्या आत सांगितलंत तर नोकरीही वाचेल.

ता. क. तिसरा. कोणी ठरवलं असं विचारेल. बँडने एकमताने ठरवलं म्हणावं. (तो ऑफिसात असताना फोनवरून मतं घेतली. माझं धरून तीन.)