समोरच्या खोलीतला टीव्ही कोणी हलवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पडदे शिवण्याचा (आता बंद), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही. जिना चढताना मध्ये बसावे लागते. हे मृत्युपत्र मी कोणाच्या भीतीने किंवा भरीस पडून करत नाही. कंटाळा मात्र आला आहे, पण तो कायद्याच्या आड येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम १. घड्याळाच्या दुकानावरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिथे माझ्यासोबत यजमानांची धाकटी बहीण राहते. मी तिला वन्सं म्हणते, पुढेही तसेच लिहीन. वन्सं लहान असताना तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलता येते, आवाज जरा मोठा लागतो इतकेच. समोरच्याचे बोलणे त्या ओठांवरून ओळखतात. माझ्या पश्चात हे घर वन्संनी हयात असेतो वापरावे. तिथून त्यांना कोणीही, कितीही गोड बोलून, हलवू नये. त्यांच्यानंतर घर माझ्या पुतण्याला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलाला, जावे.

कलम २. समोरच्या खोलीतला टीव्ही वन्संचा. हे कलम लांबणार आहे, कारण घरात एवढ्याच गोष्टीवरून खरी भांडणे झाली.

यजमान गेल्यावर घरात बोलणारी मी एकटी उरले, आणि दिवसभर मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्या बाईच्या ओठांवरून काय वाचणार? वन्संना जग कळायचे ते टीव्हीवरच्या बातम्यांतून. जुना टीव्ही लहान होता, पण त्यातल्या बाईचे तोंड स्वच्छ दिसे. तो बिघडला तेव्हा पुतण्याने हौसेने भिंतभर टीव्ही आणला, पार वर छताजवळ टांगला आणि दुकानात लावतात तसा झगझगीत करून गेला. "काकू, बघ, थिएटर झालं घराचं!"

वन्सं दोन संध्याकाळी बसल्या. तिसऱ्या दिवशी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसल्या. विचारले तर म्हणाल्या, "वहिनी, सगळे लोणी खाल्ल्यासारखे बोलतात. शब्द निसटतात."

दीर म्हणाले, "तिला कुठे ऐकू येतंय? चित्र हलतंय तेवढं पुरे." त्या वाक्याला मी आजवर माफ केलेले नाही.

मग आम्ही दोघी रिमोट घेऊन बसलो. टीव्ही भिंतीवरून उतरवून डोळ्यांच्या पातळीला, माझ्या कापडाच्या पेटीवर ठेवला. केबलच्या जुन्या डब्याची लाल-पांढरी-पिवळी वायर काढून टाकली. नवा एचडी डबा आणि त्याची एकच जाड वायर आणली. झगझगीत सेटिंग बदलून सिनेमाचे केले. हालचाल गुळगुळीत करणारी सोय होती, तीच शब्द पुसत होती. ती बंद केली. शार्पनेस मी वाढवत नेला तर वन्सं ओरडल्या, "कमी कर, बाईच्या ओठांना पांढरी किनार आलीय!" ब्राइटनेस दिवसाचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला. समोरच्या खिडकीला मी दुहेरी अस्तराचा पडदा शिवला, काचेवर उजेड पडू नये म्हणून. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या, स्वतःच्या घरासाठी शिवलेला तो पहिला पडदा.

एका संध्याकाळी वन्सं हसल्या. बातम्या सांगणारी बाई अडखळली होती, आणि ते त्यांना कळले होते.

तेव्हा यातले काहीही बदलू नये. पुतण्याने नवा टीव्ही आणला तर वन्संच्या समोर बसून, त्या "हां" म्हणेपर्यंत सेटिंग करावे. दुसऱ्या भाषेतून आणलेल्या मालिका लावू नयेत. तिथे ओठ परके असतात.

कलम ३. दिरांविषयी. मी हे मृत्युपत्र का केले ते इथे लिहिते. गेल्या महिन्यात दीर आले, तेव्हा तो पडदा धुवायला काढला होता. वन्सं बंद टीव्हीसमोर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. दीर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्यानंतर तिला संस्थेत ठेवू. चौकशी केलीय मी. घर विकून टाकू, पोराला धंद्याला होईल. तिला आत्ता सांगू नका."

वन्संनी सूप खाली ठेवले. उन्हात बसलेल्या दिरांचे तोंड टीव्हीच्या काळ्या काचेत लख्ख दिसत होते. एरवी ज्या उजेडाशी मी भांडले, तोच त्या दिवशी कामी आला.

"दादा," वन्सं न वळता म्हणाल्या, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, "मला संस्थेत जायचं नाही. मला विचार तरी."

दिरांचा चहा तसाच राहिला. चप्पल पायात नीट न घालताच ते उतरले. त्या रात्री वन्सं जेवल्या नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना निरोप धाडला.

दिरांना मी माझी कापडाची मोठी कात्री ठेवते. बहिणीला भेटायला येण्याआधी त्यांनी त्या कात्रीने मिश्या कापाव्यात, म्हणजे वरचा ओठ दिसेल. मग उजेडाकडे तोंड करून, हात तोंडावर न ठेवता बोलावे. त्यांनी यावे अशी माझी इच्छा आहे. वन्संना ते अजून आवडतात.

कलम ४. शिलाई मशीन पुतण्याच्या बायकोला. ती शिवत नाही, पण तिने कधी वन्संकडे पाठ करून वाक्य बोललेले नाही.

कलम ५. बँकेत जे काही असेल त्यातून वीज, केबल आणि वन्संचे औषधपाणी व्हावे. व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. वन्सं माझ्यासमोर खिडकीशी बसल्या होत्या. पहिल्याच कलमात त्यांनी हात वर केला. "'माझ्या' च्या पुढचा शब्द दिसला नाही. परत म्हण."

मी म्हटले, "पश्चात."

"तू थकलीयस वहिनी. ओठ नीट हलत नाहीत तुझे. परत."

मी परत म्हटले. त्यांनी मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा म्हणताना माझाच आवाज गेला, पण त्यांना आवाजाशी काय करायचे होते? शब्द खरेच दिसला नाही की बघायचा नव्हता, ते मी विचारले नाही. मग वन्संनीच पेन माझ्या हातात दिले.

सही: पडदेवाली
साक्षीदार: १) घड्याळजी, खालचे दुकान  २) डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
ठिकाण: राहते घर, समोरची खोली
दिनांक: नऊ जानेवारी, गुरुवार