चहाचं टेबल

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. खासदारांच्या स्वीय सहायकाचा फोन आला होता. "मॅडम, कांदा निर्यातीवर संसदेत दिलेल्या उत्तराचं मराठी तुम्ही शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलंत. त्यात 'अहवाल टेबलावर ठेवला' असं लिहिलंय. 'सभागृहाच्या पटलावर' हवं. टेबल काय, चहाचं आहे का?"

आधी 'पटलावर'च लिहिलं होतं की मी! परवा नामपूरला सासऱ्यांना, म्हणजे दादांना, तेच वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हाई पटल कोठे शे व माय? पटल ते डोयावर येस." त्यांना डोळ्यावरचं मोतीबिंदूचं पटल आठवलं. मी हसले आणि मग माझंच हसू विरलं. अहवाल सगळ्यांसमोर ठेवला, एवढंच सांगायचं होतं, आणि तेवढंच त्यांना कळलं नाही. म्हणून टेबल केलं.

हे सांगितलं तर म्हणतो कसा, "सामान्य माणसाला कशाला हवंय एवढं? उगाच गैरसमज होतात. पोस्ट काढून टाका."

कांदा पिकवणाऱ्याला कांद्यावरचं उत्तर कशाला हवंय? हे मला विचारतो! चुकतेय का मी? शब्दकोश म्हणेल चुकतेस. म्हणू दे. दादांना तरी टेबल दिसतं.

पोस्ट काढणार नाही. उलट उद्या ते उत्तर मोठ्या अक्षरांत छापून नामपूरला नेणार. कांदा मार्केटसमोरच्या टपरीत, येणाराजाणारा वाचेल असं ठेवणार.

हो, चहाच्याच टेबलावर.