मागच्या रांगेपर्यंत

प्रिय धाकटे,

मास्तरांच्या जबड्यातली तार निघाली आणि ते आता पेज सोडून मऊ भात खातात, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळलं. तू कळवलं नाहीस, आणि तुझं बरोबरच आहे. ज्या सभेतून माणसं उठून तुझ्या नवऱ्याला मारायला आली, त्या सभेचा माइक तुझ्या सख्ख्या भावाचा होता. सोमवारी कोर्टात तारीख आहे. त्या दिवशीचा वक्ता, ज्याला सगळे तोफ म्हणतात, तो छातीठोकपणे सांगतोय की आपण असं काही बोललोच नाही.

तुला त्याच पक्षाचे वकीलसाहेब आठवतात का? भारी फटकळ माणूस. पण सभेआधी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, माझी जीभ घसरली तर बेलाशक आवाज बंद कर. समोरच्या पक्षाच्या प्राध्यापिकाबाईंनीही मला हेच सांगून ठेवलं होतं. एकदा वकीलसाहेब बाईंच्या नवऱ्यावर घसरले आणि मी कळ दाबली. एवढ्या गर्दीपुढे ते नुसते ओठ हलवत राहिले. लोक हसले, मग तेही हसले, घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा रस्त्यांवर बोलायला लागले. तू माझ्या शेजारी वायरच्या वेटोळ्यावर बसून इतकी हसलीस की तुला उचकी लागली.

ते दोघं गेले आणि तोफ आला. पहिल्याच सभेत तो कुणाच्या तरी आईवर गेला. मी कळीकडे हात नेला, तर त्याच्या माणसाने माझं मनगट असं पिरगळलं की आठवडाभर पाना धरता येईना. मग मी हात नेणं सोडलं. शिवीला टाळी पडते हे मी रोज बघत होतो. आधी विरोधक चोर झाले, मग कुत्रे, मग किडे. किड्याचं काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी मात्र घरी येऊन म्हणायचो, आपलं काम आवाजाचं, शब्दांचं नाही.

त्या दुपारी त्याने मास्तरांचं नाव घेतलं. मास्तरांनी आदल्या सभेत त्याला हिशेबाने, एकही वावगा शब्द न काढता, खोटं पाडलं होतं, ते त्याला झोंबलं होतं. दवाखान्यामागचं निळ्या दाराचं घर, असा त्याने पत्ता दिला. ते दार तू आणि मी रंगवलेलं. मग म्हणाला, "त्याचा जबडा असा मोडा, की पुन्हा तोंड उघडता कामा नये."

मी सगळं टाकून धावलो, पण माणसं माझ्या पुढे होती. मी पोचलो तेव्हा दार आडवं पडलं होतं. एकजण मास्तरांच्या छातीवर बसून खुर्चीच्या मोडक्या पायाने त्यांच्या तोंडावर घाव घालत होता आणि बाकीचे मोठ्याने मोजत होते. तू त्याच्या हाताचा चावा घेतलास, त्याने तुला भिरकावलं, तुझं कोपर भिंतीवर आपटलं. तो आवाज मला ऐकू आला, इतका मी जवळ होतो. मी फाटकाशीच उभा राहिलो. पायरीवर मास्तरांचे दोन दात पडले होते.

पोलिसांना मी सांगितलं की मशीन बिघडलं होतं, रेकॉर्डिंग झालंच नाही. ते खोटं होतं. भाऊ तोफेला घाबरला असं तुला वाटलं असेल. तोफेला मी घाबरतोच, पण लपवलं ते वेगळ्या कारणाने. "त्याचा जबडा" या शब्दांवर रेकॉर्डिंगमधला आवाज एकदम दुप्पट होतो. तोफ ओरडला नव्हता, तो हळूच बोलत होता. मागच्या रांगेतून ऐकू येत नाही म्हणून हात वर झाले, आणि तीस वर्षांच्या सवयीने माझ्या बोटांनी आवाज वाढवला. बंद करायची कळ तिथून चार बोटांवर होती. सोमवारी मी हे सगळं कोर्टात सांगणार आहे. रेकॉर्डिंगची एक प्रत पाकिटात घातली आहे. मास्तरांना आधी ऐकव, आणि मग दोघं मिळून मला कळवा, त्या दिवशी मी तुमच्या बाकावर बसायचं की आरोपींच्या.

म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
दादा