ऊठ रे, गोवर्धना

अकोला, १४ जानेवारी १९५७

चि. गोवर्धन यास जमुनाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. अकोटचे तुझे नाटक पाहून आम्ही सुखरूप घरी पोचलो. दरोडेखोराच्या गोळीने तू मेलास इथवर ठीक होते. पण पहिल्या रांगेतली माय उभी राहून, ऊठ रे गोवर्धना, मले पायवत नाई, असे म्हणाली आणि तू खरोखरच उठून बसलास, हे काय रे? लोक हसून लोळले, पडदा पाडावा लागला. मला तोंड लपवायला पदर पुरेना, आणि घरचे हे तर अजून तुझ्यावर रागावलेले आहेत. माय मात्र गल्लीभर सांगते आहे, मेल्यावरबी पोरगा माहं आयकते. तिने तुला शपथ घातली आहे की नाटकात पुन्हा मरायचे नाही.

लोभ ठेव आणि कान पिळून घ्यायला लवकर ये.
तुझी ताई

अमरावती, २ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मालकांनी मला मंडळीतून काढले. मढे उठून बसले तर नाटक चालवायचे कसे, हे त्यांचे म्हणणे मलाही पटले. पण खरे सांगतो, शाळेसाठी उठवायची तोच आवाज होता. पडून राहणे जमलेच नाही.

मरायला तयार नसलेल्या नटाला काम कोण देणार? म्हणून मीच नाटक लिहितो आहे. त्यात सावकार मरतो, पाटील मरतो, मी शेवटपर्यंत ठणठणीत. मायला सांग, शपथ पाळीन.

लोभ तुझा आणि राग भाऊजींचा, दोन्ही असू दे.
गोवर्धन

अमरावती, ९ ऑगस्ट १९६१

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझे नवे नाटक कोल्हापूरच्या एका निर्मात्याने पाहिले आणि सिनेमात नायकाच्या धाकट्या भावाचे काम देऊ केले. अडचण एकच, तो भाऊ शेवटी मरतो. मी त्याला जगवून नवा शेवट लिहून दिला. भाऊ जगला तर सिनेमा बुडेल, असे निर्माता म्हणतो.

अशी संधी पुन्हा दारी यायची नाही, आणि मायच्या होकाराशिवाय मी जायचा नाही. जीव टांगणीला लागला आहे. हे पत्र तिला वाचून दाखव, पण जेवण झाल्यावर.

लोभ पातळ होऊ देऊ नको.
गोवर्धन

अकोला, २० ऑगस्ट १९६१

चि. गोवर्धन यास अनेक आशीर्वाद.

माय दोन दिवस शपथेवर अडून बसली. मग शेजारच्या हलीमाबींनी समजावले की खोट्या मरणाने उमर वाढते. त्यांच्या मामूच्या मरणाची खोटी खबर उठली होती, ते मामू अजून पान चघळत बसलेले असतात. मायला ते पटले. तेव्हा खुशाल मर. फक्त ओल्या जमिनीवर फार वेळ पडून राहू नको, तुला सर्दी होते, असा तिचा निरोप आहे.

लोभ आहेच.
तुझी ताई

अकोला, ११ मार्च १९६२

चि. गोवर्धन यास अनेक आशीर्वाद.

तुझा सिनेमा इथे लागला. काम फार सुरेख झाले आहे, मला अभिमान वाटला. घरचे हेसुद्धा डोळे पुसत होते.

तू मेलास आणि माय उभी राहिली. ऊठ रे गोवर्धना, म्हणाली. या खेपेस कोणी हसले नाही, आणि तू उठला नाहीस. तिने पुन्हा हाक मारली. हलीमाबींनी हात धरून खाली बसवले.

तो सिनेमा आहे हे तिला कळते. तरी रोज तुझे ताट वाढते, वाट पाहते, मगच दोन घास खाते. आमचे समजावणे संपले.

लोभ आता पत्रात नको, घरी आण.
तुझी ताई

अमरावती, १३ मार्च १९६२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तालीम सोडून लिहितो आहे. खालचा मजकूर मायला वाचून दाखव, आणि या वेळी जेवणाआधी.

उठलो वं माय. तू हाक मारली तवा मी इथं तालमीत होतो, आयकू नाई आलं. शुक्रवारच्या गाडीनं येतो. ताटात ठेचा वाढजो.

गोवर्धन