चौदा ग्रॅमच्या गोळ्या

मी, साइमी केरानेन, वय सतरा, राहणार लेहतोवारा इथे आजोबांच्या घरी, हे माझ्या हाताने लिहितेय. कोणी लिहायला लावलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय, आणि ते जन्मापासूनच. १९ तारखेला हेलसिंकीच्या इस्पितळात त्याची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले की शंभरातले अठ्ठ्याण्णव जण नीट घरी जातात. उरलेल्या दोघांचं मी विचारलं नाही. मी सहसा कोणाला काही विचारत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच झालंय.

पंधरा वर्षं पूर्ण झाली की स्वतः कमावलेल्या वस्तू कोणाच्याही नावे करता येतात, असं फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीवरच्या तेल्लेर्वोताईंनी पुस्तक काढून दाखवलं. मी एवढंच कमावलंय.

१. बँकेत जे असेल ते आईला. दलदलीतल्या पिवळ्या बेरी विकून आणि पेट्रोल पंपावरच्या फरशा पुसून जमलेलं आहे. तिने त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. माझ्या थडग्यासाठी नवा दगड नको. केरानेनांच्या जुन्या दगडावर खाली जागा आहे, मी पाहून आलेय.

२. मोपेडही आईलाच. मी ती तेल्लेर्वोताईंना दिली असती, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिलं तर ते धरत नाहीत. ब्रेक मागचा धरायचा, पुढचा घसरतो.

३. कायानीच्या शाळेसाठी काही नाही. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना उभं राहून स्वतःचं नाव आणि स्वप्न सांगायला लावलं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. मुलं हसली. नोव्हेंबरात मी जाणं बंद केलं. बाईंवर राग नाही. त्यांना माझं नाव शेवटपर्यंत कळलं नसावं.

४. काडतुसं भरायचा प्रेस, छोटा तराजू, मापं, रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे तीन डबे आणि वही, हे सगळं आजोबांना, म्हणजे तावेत्ती केरानेन यांना. प्रेस मी माझ्या पैशाने घेतलाय, म्हणून तो मला देता येतो.

गावातले सगळे ऑक्टोबरात मूस हरणाच्या हाक्याला जातात. मला जंगलात ओळीत चालवत नाही, दम लागतो. मी अकरा वर्षांची असताना आजोबांनी मला बाकावर बसवलं. म्हणाले, पाय नाही चालत तर नको चालू देत, हात तर चालतात. तेव्हापासून घरची काडतुसं मी भरते. पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी जुनी टोपी काढायची, पुंगळी दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. डब्यात चिठ्ठी टाकायची, त्यात कुठली गोळी, किती ग्रॅमची, किती दारू. आजोबांचा एकच नियम आहे. गोळी बदलली की आधी तीन बार कागदावर, मग जंगल. मला बाकावर बरं वाटायचं. तिथे कोणी बोलत नाही.

५. माझ्या कपाटात निळ्या डब्यात पंधरा काडतुसं आहेत. ती कोणाला द्यायची नाहीत, झाडायची नाहीत. आजोबांनी ती सोडवून गोळी आणि दारू वेगळी करावी. कारण सांगते.

आजोबांची रायफल जुनी. तिच्या नळीतले आटे सावकाश वळणारे, अकरा ग्रॅमच्या आखूड गोळीसाठीचे. गेल्या सप्टेंबरात त्या गोळ्या संपल्या. दुकानात गेले तर कपाटात चौदा ग्रॅमच्याच होत्या. मागे अकराच्या असतील, विचारायला हवं होतं. दुकानदार फोनवर होता, माझ्यामागे दोन माणसं उभी होती. मी चौदाचा डबा काउंटरवर ठेवला, पैसे दिले आणि बाहेर आले.

घरी पुस्तकात बघून दारू कमी केली. ती बरोबर केली होती, काडतूस फुटणार नव्हतं, तेवढं मला येतं. पण जड गोळी लांब असते, ती सरळ जायला नळीने तिला जास्त फिरवावं लागतं. ही नळी तेवढं फिरवत नाही. हे मी वाचलं होतं. कागदावर मारून बघायला शनिवारी मोपेडवरून नेमबाजीच्या मैदानावर गेले. उर्पो वाइसानेन, आमच्या शिकारमंडळाचा प्रमुख, पाचसहा जणांना घेऊन तिथेच कॉफी पीत होता. मी मोपेड वळवली. वाटलं, सत्तर मीटरवर तीन ग्रॅमने काय होणार आहे. वीस काडतुसं जुन्याच निळ्या डब्यात भरली. चिठ्ठी जुनीच राहू दिली. अकरा ग्रॅम.

आजोबांनी चिठ्ठी वाचली, पण काडतूस हातात घेऊन निरखलं नाही. मी भरलंय म्हणजे त्यात बघायचं काय.

१३ ऑक्टोबरला मूस त्यांच्यासमोरून दलदल ओलांडत गेलं. सत्तर मीटर, आडवं, चालत. आजोबांनी बार टाकला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. ते तीन पायांवर पळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्र्याला ओल्डरच्या झुडपात सापडलं, जिवंत होतं. उर्पोने संपवलं. आजोबांनी बेचाळीस वर्षांत एकही जनावर जखमी सोडलेलं नाही. संध्याकाळी मंडळाच्या खोपटात सगळे बसलेले. मी सूप वाढत होते.

उर्पो म्हणाला, "तावेत्तीदादा, डोळे गेले तुमचे. आता रायफल टांगा भिंतीला, आणि आम्हाला कॉफी करून घालत जा."

दोघंतिघं हसली. वाईट नाही, नेहमीसारखीच. मला वाटलं आजोबा त्याला काहीतरी सुनावतील, ते नेहमी सुनावतात. ते म्हणाले, "खरं आहे, उर्पो."

मी सूप वाढत राहिले. मला तेव्हा काही वाटलं नाही. काय वाटायला हवं ते अजूनही नीट कळत नाही.

त्यानंतर त्यांनी रायफलीला हात लावलेला नाही. गाडी चालवायची सोडली, म्हणाले अंगावर कोणी आलं तर दिसायचं नाही. आई म्हणाली, डॉक्टरला डोळे दाखवा. म्हणाले, "माझी परीक्षा झाली, मुसाने घेतली."

६. माझ्या गादीखाली निशाणाचे दोन कागद आहेत. ते आजोबांना. बाकी सगळं राहू दे, हे मात्र त्यांच्या हातात पडायलाच हवेत. त्या रायफलीच्या परवान्यावर माझंही नाव आहे. नोव्हेंबरात एका सकाळी मैदानावर कोणी नव्हतं, तेव्हा मी गेले. आधी निळ्या डब्यातली चार मारली. कागदावरची भोकं गोल नाहीत, लांबट आहेत, गोळी आडवी घुसली की होतात तशी. सगळी वीतभर खाली. एक तर कागदाच्या कडेलाच. मग वही ठेवते त्या डब्यात मागच्या वर्षीची अकरा ग्रॅमची तीन उरली होती, ती दुसऱ्या कागदावर मारली. तिन्ही एका अंगठ्याखाली झाकतात. रायफल तीच, तिच्यावरची दुर्बीण तीच, आणि नेम माझा, जो आजोबांपेक्षा वाईट आहे.

कागद घेऊन मी घरी आले. सांगायचं ठरवून आले होते. आजोबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर शहरातल्या वृद्धाश्रमाचा अर्ज होता.

"इथे बारीक काय लिहिलंय, वाच गं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

मी वाचून दाखवलं. खोली एक मार्चपासून मिळेल. अर्ज दिल्यावरही पक्कं करायचं तर वीस फेब्रुवारीपर्यंत पुन्हा कळवा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल. घराचं काय ते वेगळं ठरवा. मी सगळं वाचलं, स्पष्ट वाचलं. त्यांनी पेन घेतलं आणि ठिपक्यांच्या रेषेवर सही केली. चष्मा कपाळावर होता. सही रेषेवर बरोबर बसली. मी ते बघत उभी होते आणि कागद माझ्या कोटात होते.

"चला," ते म्हणाले, "तुझ्या आईची एक काळजी कमी झाली."

मी बटाटे उकडायला ठेवले.

७. उर्पो वाइसानेनला माझं काही देणं नाही. तो खोटं बोलला नाही, त्याला जे दिसलं ते बोलला. पण त्याने आजोबांच्या दारात यावं, आत यावं, आणि सगळ्यांसमोर जे बोलला ते सगळ्यांसमोर मागे घ्यावं. कॉफी त्याने करावी.

८. आजोबांसाठी. मूस तुम्ही जखमी केलं नाही, मी केलं. तुमचा नेम बरोबर जागी होता. मी वीस वेळा तुमच्या दारापर्यंत आले, तोंड उघडलं नाही. माफ करा असं लिहिणार होते, पण ते मी समोर येऊन म्हणायला हवं, म्हणून इथे लिहीत नाही. रायफल आणि घर तुमचं आहे, त्याबद्दल मला काही ठरवता येत नाही. फक्त सांगते की वीस तारखेपर्यंत काही कळवलं नाहीत तर खोली आपोआप दुसऱ्याला जाते. एवढंच करायचंय, काहीच न करणं.

९. हे मृत्युपत्र मी मेल्याशिवाय उघडायचं नाही असा नियम असेल तर तो मला नको. ग्रंथालयाची गाडी १९ तारखेला, मंगळवारी, दहा वाजता आजोबांच्या फाटकाशी थांबेल. मला आठ वाजता भूल देणार आहेत. गादीखालचे कागद मी निघण्याआधी तेल्लेर्वोताईंकडे देईन; त्यांनी हा लिफाफा आणि ते कागद तेव्हाच आजोबांच्या हातात द्यावेत. मी उठणार की नाही हे कोणालाच कळायच्या आधी. मेले म्हणून त्यांनी मला सोडून द्यायला नको, आणि जगले म्हणून मला पुन्हा गप्प बसता यायला नको.

उठले तर बुधवारी मी स्वतः त्यांना फोन करीन. ते काय म्हणतील ते ऐकीन. मध्येच ठेवणार नाही.

सही: साइमी केरानेन

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. साइमीने आमच्यासमोर सही केली. हे तिचं मृत्युपत्र आहे एवढं तिने सांगितलं, आतलं आम्ही वाचलेलं नाही. ती शुद्धीवर होती, तिच्यावर कोणाचा दबाव नव्हता. लिफाफा आणि कागद कधी, कुठे पोचवायचे ते तिने तोंडी, मोठ्याने सांगितलं. दोनदा सांगितलं.

साक्षीदार: तेल्लेर्वो हेइक्किनेन, ग्रंथालय गाडीची चालक
साक्षीदार: काउको मोइलानेन, निवृत्त, पुस्तक बदलायला आलेला

लेहतोवारा, ग्रंथालयाच्या गाडीत
मंगळवार, ५ फेब्रुवारी २०१९